उंबराची बेचकी

पाणी बघायची काठी ओलीच लागते. त्याच दिवशी तोडलेली, ताणली तरी न मोडणारी. वाळली की ती कामातून गेली. म्हणून माझ्या आज्याने जन्मभर इतक्या काठ्या केल्या, पण त्यांतली एकही आज घरात नाही. सुताराच्या मागे रंधा राहतो, कोळ्याच्या मागे फाटकं का होईना, जाळं राहतं. पाणाड्याच्या मागे हातात घेऊन बघावं असं काही राहत नाही. आजा गेला तेव्हा काकी फोटोखाली ठेवायला त्याची म्हणून एखादी वस्तू शोधत होती. शेवटी तिने त्याची टोपी ठेवली.

काठी म्हणायची, पण खरं तर ती बेचकी. एकाच जागेतून दोन सारख्या फांद्या फुटलेल्या हव्यात. जाडी करंगळीएवढी, लांबी हातभर. एक फांदी जाड आणि दुसरी बारीक असली तर बेचकी एका अंगाला ओढते, ती आजा घ्यायचा नाही. उंबराखाली उभा राहून मान वर करून तो इतका वेळ फांद्या न्याहाळायचा की सोबत आलेली माणसं कंटाळून सावलीला बसायची. झाड ठरलं की आदल्या संध्याकाळी तो त्याला सांगून यायचा. बुंध्याशी हळद-कुंकू, चार दाणे तांदूळ, आणि उद्या येतो म्हणून दोन शब्द. झाडपाल्याचं औषध देणारे जाणते लोकही मुळी काढण्याआधी असंच आमंत्रण देतात. सकाळी कोयत्याचा एकच घाव. दुसरा घालावा लागला तर ती फांदी झाडाखालीच ठेवायची आणि नवी शोधायची.

उंबराला चीक फार. कापलेल्या तिन्ही टोकांना तो चुलीतली राख चोळायचा. चीक थांबला की टोकं सुरीने गोल करायचा, तळहाताला बोचू नयेत म्हणून. साल मात्र काढायची नाही. अंगठ्याने तो ती खालपासून वरपर्यंत चाचपून बघायचा. कुठे किडीचं भोक आहे का, कुठे गाठ आहे का. मग दोन्ही शेंडे दोन मुठींत, तळवे आभाळाकडे, अंगठे बाहेर, बेचकीचं बूड पुढे. मुठी जराशा बाहेर ओढल्या की ती धनुष्यासारखी ताणली जाई, आणि आजा पावलापुढे पाऊल टाकत चालू लागे. काम झालं की बेचकी त्याच जागी ठेवायची. विहिरीचा पहिला घाव तिच्यावर पडायचा.

उंबर हाताशी नसला तर जांभूळ. चिंचेची बेचकी त्याने कधी केली नाही, चिंचेवर नको ते राहतं म्हणून. पिंपळाला तर हातही लावायचा नाही, तिथे मुंजा. जांभळाला मान होता तो वेगळ्या कारणासाठी. ते लाकूड पाण्यात कुजत नाही, म्हणून विहिरीच्या तळाशी बांधकामाखाली जांभळाच्या लाकडाचं कडं घालायची जुनी रीत आहे. दिल्लीला निजामुद्दीनच्या शेकडो वर्षांच्या बावडीची दुरुस्ती झाली तेव्हा तिच्याही तळाशी जांभळाचं लाकूड सापडलं. हे आज्याला कळलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि पुढे काही बोलला नसता. त्याला नवल वाटायचं ते वेगळ्याच गोष्टींचं.

कळव्याला गोड्या पाण्याचं एवढं काय, हे आज इथे राहायला आलेल्यांना सांगावं लागतं. आमचं घर कळव्यातल्या खारीगावात. समोर ठाण्याची खाडी, पाठीशी पारसिकचा डोंगर. खाडीच्या अंगाला तिवरं, खाजण आणि खारी शेतं. आम्हा आगऱ्यांचं आयुष्य मीठ, मासळी आणि भात यांवर चाललं, पण प्यायचं पाणी समोरच्या एवढ्या मोठ्या पाण्यातून कधी मिळालं नाही. खाडीकडे खणलेल्या विहिरीचं पाणी मचूळ. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. गोडं पाणी डोंगराच्या पायथ्याला, आणि तेही जागा चुकली तर हाती न लागणारं.

जागा का चुकते याचं उत्तर दगडात आहे. सह्याद्रीसारखाच हाही डोंगर बेसॉल्टचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, त्यांतून तो झाला. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट कातळ. वरचा भाग सच्छिद्र, झिजून मुरूम झालेला. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीची पट्टी. पाणी राहतं ते मुरमात आणि वाहतं ते कातळाच्या भेगांतून. गंगेच्या गाळाच्या मैदानात कुठेही खणलं तरी पाणी लागतं. इथे दहा पावलांवर एक विहीर बारमाही आणि दुसरी माघातच कोरडी, असं होतं. जलद लोकल 2022पर्यंत ज्या पारसिक बोगद्यातून जायची, तो 1916 साली सुरू झाला. सव्वा किलोमीटरहून लांब. पावसाळ्यात त्याच्या भिंतींवरून पाणी ओघळतं ते याच भेगांतलं. डोंगराच्या पोटात काय आहे, हे आज्याने बोगद्यातून जाताना पाहिलं की बाहेर झाडं वाचून ओळखलं, मला सांगता येणार नाही. बोगद्यात गाडी शिरली की तो बोलणं थांबवून खिडकीला डोकं लावायचा, एवढं आठवतं.

झाडं वाचून हे मी मुद्दाम म्हणते. बेचकी हातात घेण्याआधी तो ती जमीन दोन-तीन वेळा फिरून यायचा, आणि तेही वैशाखात. पावसाळ्यात सगळंच हिरवं असतं, त्यातून काही कळत नाही. उन्हाने डोंगर करपलेला असताना कुठल्या करंजाची पालवी तुकतुकीत आहे, ओहोळ आटल्यावरही लव्हाळा कुठे टिकलाय, शिंदी एकटीच का उभी आहे, वारूळ झाडाच्या कोणत्या अंगाला आहे, हे तो बघायचा. अर्जुन दिसला की वळून पुन्हा बघायचा, कारण अर्जुन ओढ्याकाठचा, उगाच माळावर येणारा नव्हे. हे सगळं झालं की मग उंबर. उंबराच्या मावळतीच्या अंगाला जाऊन तो पहिलं पाऊल टाकायचा. लहानपणी मी त्याला विचारलं होतं की काठीला कसं कळतं. तो म्हणाला, "पानी झार सांगतं, बाय. काठी मंग मान हलवते."

पुढे कॉलेजात असताना वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'तला भूगर्भातल्या पाण्याचा अध्याय वाचनात आला. सहाव्या शतकातला हा ग्रंथ. त्यात एकेका झाडाचं नाव घेऊन पाणी कुठे आणि किती खोल, ते लिहिलंय. जांभळाच्या पूर्वेला वारूळ असेल तर दक्षिणेला तीन हातांवर. उंबर असेल तर पश्चिमेला तीन हातांवर, अडीच पुरुष खोलीला. खणताना पांढरा साप लागेल, मग काजळासारखा काळा दगड, आणि त्याच्या खाली गोड्या पाण्याची शीर. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची म्हणजे पुरुष. आज्याची विहीरही परसांतच मोजली जायची, चार परस, सहा परस. सहीपुरतं लिहिता येणारा खारीगावचा माणूस आणि उज्जैनचा ज्योतिषी दोघेही उंबराच्या मावळतीलाच उभे राहिले. मधली चौदाशे वर्षं हे तोंडातोंडी चालत आलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आजा तेव्हा होता. सकाळी मी त्याला सगळं सांगितलं. सापाचं ऐकून त्याने नुसतं विचारलं, "कवरा मोठा?"

तो पायाळू होता. पायांकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीतलं पाणी आणि पुरलेलं धन दिसतं, असा आपल्याकडे समज आहे, आणि अशा माणसावर वीज पडते असाही. त्यामुळे त्याचं लहानपण वळवाच्या पावसात घरात कोंडून गेलं. आई त्याला दाराबाहेर पाऊल टाकू द्यायची नाही. धनाचं वेडही लोकांनी त्याच्या मागे लावलं, अंजन घालून बघ म्हणाले. त्याने ते कधी केलं नाही. पाण्याचं मात्र कोणाला नाही म्हणाला नाही. घ्यायचा फक्त नारळ आणि सव्वा रुपया.

उंबराच्या गोष्टी आजीकडून आल्या. हिरण्यकशिपूचं पोट फाडल्यावर नरसिंहाच्या नखांची आग होऊ लागली, तेव्हा लक्ष्मीने उंबराची फळं आणून दिली आणि त्यांत नखं रोवल्यावर दाह शमला. ही कथा 'गुरुचरित्रा'त आहे, आणि दत्ताचा वास उंबराखाली का, तेही तिथेच. आजी ती जेवायला वाढताना सांगायची, हातवारे करून. उंबराचं फूल मध्यरात्री उमलतं आणि ज्याला दिसतं त्याचं भाग्य उजळतं, असंही. फुलं फळाच्या पोटातच असतात आणि इवलीशी माशी आत शिरून परागण करते, हे शाळेत शिकून आल्यावर मी आजीला ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, मग त्या माशीचं नशीब मोठं. उंबर तोडायचा नाही, घरासमोर आपणहून उगवला तर उपटायचा नाही, त्याचं लाकूड चुलीत घालायचं नाही. ज्या झाडाच्या मुळाशी पाणी, त्या झाडाभोवती माणसांनी देव, गोष्टी आणि भीती यांचं कुंपण घातलं होतं. ते कुंपण तारेच्या कुंपणापेक्षा जास्त वर्षं टिकलं.

काठीसाठी झाड ठरलेलं असणं युरोपातही होतं. खाणकामावरचा गेऑर्ग आग्रिकोलाचा ग्रंथ 1556 साली छापला गेला, त्यात बेचकी धरून डोंगरात फिरणाऱ्या माणसांचं चित्र आहे. चांदीच्या शिरेसाठी हेझलची काठी, तांब्यासाठी अ‍ॅशची, असा तिथला रिवाज त्याने नोंदवला, आणि शहाण्या खाणकाऱ्याला तिची गरज नाही असंही स्पष्ट लिहिलं. माझ्या भाच्याकडे हॅरी पॉटरची कांडी आहे. हॅरीची हॉलीची आणि व्होल्डेमॉर्टची यूची, हे त्याला पाठ आहे. त्याला मी पत्रिकेतली झाडं सांगितली. कृत्तिकेचा उंबर, रोहिणीची जांभूळ, मृगाचा खैर, पुष्याचा पिंपळ, सत्तावीस नक्षत्रांची सत्तावीस झाडं. त्याचं नक्षत्र पूर्वा, झाड पळस. पळस कसा असतो ते दाखव म्हणाला. आम्ही दोघं कळव्यात पळस शोधत निघालो, आणि शेवटी येऊरला जाऊन त्याला पळस दाखवला. मुलाने विचारलेलं झाड गावात दाखवता येऊ नये, याचं मला मनापासून दुःख झालं.

काठीला खरंच पाणी कळतं का? माझं मत मी लपवत नाही, कळत नाही. बेचकी इतकी ताणलेली असते की मनगट केसभर वळलं तरी ती उलटते, आणि मनगट वळतं ते धरणाऱ्याच्या नकळत. 1987-88 साली म्युनिकजवळ एका कोठारात निवडक 43 पाणाड्यांच्या 843 चाचण्या झाल्या. खाली पाण्याची नळी सरकवायची आणि वरच्या मजल्यावरून त्यांनी ती ओळखायची. घेणाऱ्यांना त्यात काही जणांची सिद्धी दिसली. पुढे जिम एनराइट या शास्त्रज्ञाने तेच आकडे तपासले, तर त्यांत नशिबापलीकडे काही नव्हतं. मला हे पटतं. कोठाराच्या लाकडी फळ्यांवर ना उंबर होता, ना वारूळ, ना वैशाखातला लव्हाळा. आज्याला तिथे उभं केलं असतं तर तोही चुकला असता. पारसिकच्या पायथ्याशी मात्र दोन-तीनदा फिरून आल्यावर पाणी कुठे आहे हे त्याच्या डोळ्यांना आणि पायांना आधीच ठाऊक असायचं, आणि तेच मुठीत उतरायचं. बेचकी नसती तर त्या जाणिवेला बाहेर यायला वाट मिळाली नसती. ज्याने अंगणात उभं राहून पंचवीस माणसांसमोर 'इथे खणा' म्हणायचं, त्याला हातात काहीतरी लागतंच.

चुकला नाही असं नाही. एका घरची विहीर सहा परस गेली आणि काळा कातळ लागला तो सुटेना. सुरुंग लावले, तरी नाही. त्या घरच्या बाईने आपल्या बांगड्या मोडून खोदाईला पैसे दिले होते. कोणी आज्याला शब्दानेही बोललं नाही, पण पुढे तो त्या घरावरून कधी गेला नाही. बाजारात जायला शेतातून वळसा घालायचा. आजी म्हणायची, त्या विहिरीत पाणी नाही पण हा रोज बुडतो.

नळ आला आणि लोकांचं आज्याकडे येणं थांबलं. ठाणे महानगरपालिका 1 ऑक्टोबर 1982 ला झाली, कळवा तिच्यात गेला. घरात पाणी आलं, याचा आनंद आजीने लपवला नाही. डोक्यावर दोन हंडे आणि कडेवर एक घेऊन तिने जी चढण चढली होती, ती कोणी पुन्हा मागू नये. पण पाणी नळातून येऊ लागल्यावर विहिरीला कोणी विचारीना, आणि विहिरीला कोणी विचारीना तेव्हा तिच्या काठच्या झाडालाही कोणी विचारीना. आधी विहिरीत निर्माल्य, मग राडारोडा, मग वर सिमेंटचा स्लॅब. उंबराची मुळं भिंत फोडतात, म्हणून उंबर आधी गेला. ज्या झाडाला हात लावण्याआधी आजा आदल्या दिवशी सांगून यायचा, ते मशीनने एका सकाळी पाडलं. आजा घरात होता. आवाज त्याने ओळखला. जेवायला बसला आणि ताट तसंच ठेवून उठला.

शेवटच्या वर्षांत त्याचे गुडघे गेले. कळव्याहून मुंब्र्याला कामाला जाताना धीम्या लोकलमधून डोंगर दिसतो. संध्याकाळी मी घरी आले की तो विचारायचा, पांगारा फुलला का, सावर फुलली का, पायथ्याची ती शिंदी आहे का अजून. मी बघून ठेवायची आणि सांगायची. डोंगरावर घरं चढत होती, दुसऱ्या अंगाला खाणी डोंगर खात होत्या, तेही सांगायची. झाड नाही दिसलं की तो पुढचं विचारायचा, नाही झालेल्याबद्दल पुन्हा कधी विचारायचा नाही. हळूहळू विचारायची झाडं कमी झाली. तो श्रावणात गेला. घराच्या पत्र्यांवर इतका पाऊस होता की डॉक्टर काय म्हणाले ते मला दोनदा विचारावं लागलं.

आता कळव्यात पुन्हा पाणी शोधणं सुरू झालंय. नळाला दाब नाही, टँकरला पैसे पडतात, म्हणून इमारती बोअर मारतात. आमच्या आवारात एक भूजलतज्ज्ञ आला. लोखंडाच्या चार खुंट्या, तारा, आणि जमिनीतून वीज सोडून खडकाचा रोध मोजणारं यंत्र. शांतपणे काम करणारा तरुण मुलगा. खुंट्या ठोकण्याआधी त्याने समितीच्या लोकांना विचारलं, "इथे आधी विहीर होती का? मोठं झाड होतं का कुठलं?" कोणाला माहीत नव्हतं. सगळे इमारत झाल्यावर आलेले. मी त्याला पार्किंगच्या कोपऱ्यात नेलं आणि उंबर इथे होता म्हणून सांगितलं. तिथून मावळतीला तीन हात मोजून दाखवले. तो हसला नाही. वहीत लिहून घेतलं आणि पहिली खुंटी तिथे ठोकली. पाणी लागलं. आज्यामुळे की यंत्रामुळे, हा वाद मला घालायचा नाही. त्या मुलाने प्रश्न विचारला आणि उत्तर द्यायला गावात माणूस होतं, एवढंच मला त्या दिवशी पुरलं.

1883 सालच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये महात्मा फुल्यांनी सरकारला सुचवलं होतं की शेतांतले झरे पाणाड्यांकडून शोधून घ्यावेत आणि त्या जागांच्या खुणा गावागावाच्या नकाशावर नोंदवाव्यात. राज्यात भूजलाची सरकारी यंत्रणा 1972 साली, दुष्काळाच्या वर्षी उभी राहिली. फुल्यांना हवा होता तसा नकाशा आमच्या गावाचा कधी झाला नाही. तो मी करायला घेतलाय. मोठा कागद आहे, त्यावर खाडी, रेल्वे, डोंगर आणि गावदेवी काढली आहे. ज्यांनी विहिरीवर पाणी भरलं त्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. त्यांच्याकडे जाऊन एकेक विहीर आणि तिच्या काठचं झाड मांडून घेते. पुरुषांना विहिरीचा मालक आठवतो. बायकांना पायरी आठवते, कितवी निसरडी होती ते, आणि झाडाची सावली किती वाजता हंड्यावर यायची ते.

गावदेवीजवळच्या विहिरीपाशी कागद अडलाय. काकी म्हणते तिथे उंबर होता. शेजारची मावशी म्हणते, उंबर नव्हता गं, जांभूळ होती, माझं नवं लुगडं डागळलं होतं तिथे, सासूने दोन दिवस बोलून घेतलं. काकी म्हणते, डाग उंबराच्या चिकाचाही पडतो. दोघी एकमेकींचं ऐकत नाहीत. येत्या रविवारी रिक्षा करून दोघींना तिथेच नेणार आहे.